चौथ्या हिश्श्याची मोजणी

दुपारच्या डब्याची वेळ झाली होती. साबणाने तीनदा धुतलेले हात नाकाशी नेऊन स्पिरिटचा वास गेला की नाही ते बघत प्रेमिला शेती खात्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात आली, तर बाकावर तिचे बाबा बसलेले. पत्र नाही, निरोप नाही. मौद्याच्या पलीकडच्या त्यांच्या गावाहून नागपूरला यायचं म्हणजे आधी फाट्यापर्यंत दोन कोस चाल, मग एस.टी. येईल तेव्हा खरी. आणि तिचे बाबा देवाजी म्हणजे कामाशिवाय घराबाहेर पाऊल टाकणारा माणूस नव्हे. ते वर्षातून एकदा येत, दसऱ्याला, दीक्षाभूमीवर, आणि दसरा अजून तीन आठवडे लांब होता. मांडीवर त्यांनी ओल्या गोणपाटाची एक गुंडाळी लहान मूल धरावं तशी आडवी धरली होती. गुंडाळीच्या तोंडातून पांढुरक्या, पोकळ, कांद्याच्या पातीसारख्या नळ्या बाहेर आल्या होत्या. प्रेमिलाने बापाच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिने त्या नळ्याच पाहिल्या.

"हे पाय वं माय," बाबांनी धानाचं एक रोप उपसून तिच्यापुढे धरलं. आवाजात तक्रार नव्हती, उलट जरा उत्साहच होता. आजारी जनावर शेवटी डॉक्टरच्या दारात आणून उभं केलं की माणसाचा आवाज जसा होतो तसा. "आपल्या बांधीतलं हाय. सारी बांधी अशीच. लोंब काई धरत नाई आता, नुसत्या ह्या भोंगळ्या. सरकारनं जमीन देल्ली त्या अकराच्या अकरा घरच्या बांध्या अशाच. म्या म्हटलं, आपल्या घरीच या खात्यातली पोरगी हाय, दुसऱ्या कोणाले काहून इचाराचं?"

तिने रोप हातात घेतलं. नळीवर बोट फिरवलं. आत काही नव्हतं. टोकाशी टाचणीने पाडावं तसं एक भोक होतं आणि तिथे रिकामी टरफलं चिकटलेली होती. आत वाढलेली माशी त्या भोकातून निघून केव्हाच गेली होती. ही गाद. गादमाशी. डासाएवढा जीव, मादीचं पोट लालसर, आयुष्य दोन-तीन दिवसांचं. पानावर अंडी घालते, अळी सरपटत कोंबाच्या गाभ्यात शिरते, आणि ज्या कोंबातून धान यायचं त्याची ही नळी होते. एकदा नळी झाली की त्या कोंबाला जगातलं कोणतंही औषध नाही. हे प्रेमिलाला जितकं पाठ होतं तितकं या कचेरीत साहेबांनाही नव्हतं. साहेब पुस्तकं वाचून शिकले होते. ती गेलं दीड वर्ष सकाळी दहा ते संध्याकाळी पाच त्या माशीचं प्रेत चिमट्यात धरून बसलेली होती.

"कोणत्या दिवशी रोवणी झाली तुमची?" तिने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं.

"आपली होय? आपली सर्वाईच्या मागून. पोयाच्या आठ-दहा दिवस आधी," बाबा म्हणाले. "आधी लोकाईचे रोवणे आटपले, मंग आपलं. नाई त मजुरीले कोण जाईन?"

पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधी लावणी म्हणजे ऑगस्टची अखेर.  "तुमी बसा बाबा, मी आलीच," असं म्हणून ती आत गेली. तिच्या मनात एक तारीख आली होती, आणि ती तारीख कुठून आली हे तिचं तिलाच कळत नव्हतं. चुका माणसाला आधीच माहीत असतात की काय कोण जाणे. नाहीतर इतक्या शेकडो बाटल्यांतून एकच बाटली तिच्या डोळ्यांपुढे का यावी?

काम तसं सोपं होतं, इतकं सोपं की नात्यातल्या बायकांना सांगितलं की त्या तोंडाला पदर लावून हसत. गावोगावी ग्रामसेवकांनी कंदील टांगून त्याखाली पाण्याची परात ठेवायची, रात्रभरात त्यात पडलेली चिलटं-पाखरं स्पिरिटच्या बाटलीत भरून एस.टी.ने नागपूरला धाडायची. प्रेमिलाने ती पांढऱ्या एनॅमलच्या ताटात ओतायची, चिमट्याने आणि रंगाच्या बारीक ब्रशने निवडायची आणि त्यातल्या गादमाश्या मोजायच्या. साठच्या वर आकडा गेला की त्या भागाला पत्रक जायचं, गावात डोंडी पिटली जायची, आणि लोक बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वाफ्यात, दाणेदार औषध टाकायचे. अळी गाभ्यात शिरायच्या आत टाकलं तर पीक हाती लागायचं. साठच्या खाली असला तर काही नाही. एवढंच. आणि बाटली फार भरगच्च असली तर सगळं मोजत बसायचं नाही. ताटाच्या तळावर निळ्या रंगाची फुली काढलेली असते, रास सारखी पसरून फुलीने झालेल्या चार हिश्श्यांपैकी एकच मोजायचा आणि येईल त्याला चारने गुणायचं. पहिल्या आठवड्यात ती हे चारनं गुणणं रात्री झोपेतही करायची. मग सवय झाली. सवय झाली की माणूस काय करतो आणि काय नाही याचा हिशेब शरीराकडे जातो, आणि शरीराचा काय भरवसा.

रजिस्टरात पोळ्याच्या आठवड्याचं पान तिने काढलं. तिच्याच गावच्या सर्कलची बाटली. तेवीस. शाईने, तिच्या नेटक्या अक्षरात, दोनाची शेपटी जरा लांब. मग तिने टेबलाचा खालचा खण उघडला. मोजताना ती पाठकोऱ्या कागदांच्या चिठोऱ्यांवर पेन्सिलीने पाच-पाचचे गठ्ठे मारायची, आणि फेकून देणं जिवावर यायचं म्हणून त्या चिठोऱ्या तारेत ओवून ठेवायची. लहानपणी वह्या नव्हत्या त्याची ही खोड. त्या तारखेची चिठोरी निघाली. चार गठ्ठे, तीन रेघा. कोपऱ्यात, पुसट, तिच्याच हाताने: पाव.

तेवीस चोक ब्याण्णव.

तिने पुन्हा गुणाकार केला. जणू आता तरी तो साठच्या खाली येईल. आणि मग तो दिवसच तिच्या अंगावर चालून आला: सकाळी अकराला हेडक्लार्क कागद नाचवत आले होते, "प्रेमिलाबाई, पेढे काढा!" नोकरी कायम झाल्याचा हुकूम. तिने ब्रश ताटावरच ठेवला होता. सगळे जमले होते, कोणीतरी तिच्याच पैशाने कोपऱ्यावरून पेढे आणले होते, तिने पहिला पेढा साहेबांना दिला आणि मनातल्या मनात बाबांना. पावसाळी दिवस होता, खिडकीत कडुनिंब हलत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला आपण कोणाच्या पायातलं काही नाही असं वाटलं होतं. परत येऊन बसली तेव्हा बोटं पेढ्याने चिकट होती. तिने चिठोरीवरचा आकडा पाहिला, रजिस्टरात उतरवला, ताट धुऊन टाकलं. त्या क्षणाइतकी आनंदात ती पूर्वी कधी नव्हती. त्याच संध्याकाळी तिने घरी पोस्टकार्ड टाकलं होतं: नोकरी पक्की झाली, इकडे सर्व ठीक आहे, काळजी नसावी.

साहेब आनंदराव भला माणूस. तिने पुढे ठेवलेली चिठोरी त्यांनी पाहिली, रजिस्टर पाहिलं, चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "माश्या तर केव्हाच मेल्या, प्रेमिलाबाई," ते म्हणाले. "आता आकडा दुरुस्त करून कोणाला काय मिळणार? मार्चच्या अहवालात खाली एक टीप देऊ." ती म्हणाली, गावाला पत्र धाडावं, चूक आमची होती म्हणून. साहेब कळवळले. "कचेरी असं पत्र लिहीत नसते," ते म्हणाले. "आणि तुम्ही कायम होऊन जेमतेम तीन आठवडे झाले आहेत. घरी कमावणारं दुसरं कोण आहे?" त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही. उलट कुठेतरी हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला इतकी शिसारी आली की ती तडक बाहेर आली आणि बाबांना म्हणाली, "चला, जेवून घेऊ."

जेवण त्यांना नको होतं. भाकर बांधून आणली होती, ती फाट्यावरच खाल्ली होती. तीनची गाडी मिळाली तर बरं, म्हणाले. म्हणून तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोघं गणेशपेठच्या स्टँडकडे पायीच निघाले. सिटी बसचं नावही बाबांनी काढू दिलं नाही. सप्टेंबरचं ऊन, पाठीवर ओला चिकट हात ठेवल्यासारखं. बाबा पुढे, ती मागे. लहानपणी शाळेच्या वाटेवर चालायची तशीच. छप्पन साली ती पाच वर्षांची होती, बाबांनी तिला खांद्यावर बसवून याच शहरात आणलं होतं. तिला त्यातलं एवढंच आठवतं की सगळीकडे पांढरे कपडे होते आणि बाबांची मान घामाने निसटत होती. परत गेल्यावर गावाने विहीर बंद केली, मजुरी बंद केली. त्या वेळी एकट्या रुपरावांनी आपल्या वावरातल्या विहिरीवर पाणी भरू दिलं होतं. कुणबी माणूस, चार लोकांत ऊठबस असलेला, पण म्हणाला, "देवाजी, पाण्याले कोणी धर्म इचारत नाई, तू भर." त्यांची बायको यमुताई प्रेमिलाला ताक द्यायची, सुरुवातीला वरून ओतून, मग भांडं खाली ठेवून, आणि शेवटी हातात. वरून ओतण्यापासून हातात देण्यापर्यंत यायला यमुताईला नऊ वर्षं लागली. पण आली.

"बाबा, बियाणं कोणाचं होतं?"

देवाजी थांबले नाहीत. "रुपरावचं," ते पुढे बघत म्हणाले. "लुचई धानाचं. घरच्या कोठीतलं काढून दिलं सर्वाईले. सिलिंगची जमीन भेटली, पयलं साल, कोणाजवळ बियाणं होतं? थोच म्हणे, घ्या, पिकलं का वापस करा." थोडं चालून म्हणाले, "त्याच्या बांध्या पाय जाऊन. लोंबा अशा वाकल्या. त्याच कोठीतलं बियाणं म्हणते थो. मंग आमच्याच काहून बुडाल्या?"

हेही तिला माहीत होतं. रुपरावांची रोवणी जुलैच्या आरंभीच झाली होती, तीही याच अकरा घरच्या बायामाणसांच्या हातांनी. माशी यायच्या आधी त्यांचं धान जून होऊन बसलं होतं. ज्यांनी सगळ्या गावाची रोवणी केली त्यांची स्वतःची शेवटी झाली आणि माशीला कोवळे कोंब तेवढे त्यांचेच सापडले. इतकं साधं होतं. पण मोहल्ल्यात, बाबा सांगत होते, आता वेगळंच चाललं होतं. चांगलं बियाणं स्वतःला ठेवलं आणि कुजकं आपल्याला दिलं, जमीन मिळाली ते त्यांना बघवलं नाही, असं पोरं उघड बोलू लागली होती. कोणी रुपरावांच्या दारात ह्या नळ्यांचा भारा नेऊन टाकला. रुपराव ओसरीवर यायचे बंद झाले. "म्या बी बोललो त्याले," बाबा म्हणाले. "वीस वर्साचा सोबती, पण बोललो. काहून का, दोघं-चौघं म्हणत होते, गाद असंन, औषध टाका. म्याच म्हटलं, गाद असती त माह्यी पोरगी कयवल्याशिवाय राह्यली नसती. तिथं थेच काम हाय तिचं. तिचा निरोप नाई, म्हणजे गाद नाई. म्हणून कोणी टाकलं नाई."

कॉटन मार्केटच्या वळणावर हातगाड्यांची गर्दी होती. सडक्या पालेभाजीच्या वासात प्रेमिला उभीच राहिली. एक टेंपो हॉर्न वाजवत अंगावरून गेला. तिला वाटलं, आता नाही बोलले तर पुन्हा कधीच बोलू शकणार नाही. टपरीवर दोन चहा सांगितले, बाबांना बाकड्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. ताट, फुली, पाव हिस्सा, तेवीस, ब्याण्णव. पेढेही सांगितले. सांगताना ती शिकवायला उभ्या राहिलेल्या बाईसारखी बोलत होती, बशीवर बोटाने फुली काढून दाखवत होती, आणि आपला आवाज इतका स्वच्छ कसा याचं तिला आतून नवल वाटत होतं. ती रडायची वाट बघत होती. रडू आलं नाही.

बाबांनी बशीतला चहा संपवला. बशी खाली ठेवली. पुन्हा उचलून कपावर पालथी घातली. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधीत धान रोवलं होतं; गाद त्यांना कळत नव्हती असं थोडंच होतं? हे पहिल्यांदाच तिच्या मनात आलं आणि ती हबकली. त्या नळ्या त्यांनी ओळखल्या होत्या. पहिल्या दिवशीच ओळखल्या असणार. तरीही त्यांनी चाळीस वर्षांच्या आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, तिच्या न आलेल्या निरोपावर ठेवला.

"साहेबाले माहीत हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय."

"नोकरी?"

"राहीन म्हणते साहेब."

देवाजींनी मान हलवली.  मग इतक्या हळू बोलले की तिला वाकून ऐकावं लागलं. "मंग कोणाले सांगू नको."

"बाबा, रुपरावकाका..."

"आईक." त्यांनी तिचा हात धरला. मोठी झाल्यापासून त्यांनी तिचा हात धरल्याचं तिला आठवत नव्हतं. "एक साल धान नाई झालं, आमी उपाशी नाई मरत. बायको-पोरं मजुरीले जातीन, गेलेच हाय आजवर. पण तुले शिकवलं म्हणून अकरा घरच्या पोरी शायेत जाऊन राहिल्या. उद्या गाव म्हणन, शिकवलं, साहेब केलं, त तिले मोजता नाई आलं. लोकाईले हेच पायजे हाय. थे पोरीईचं नाव शायेतून काढतीन. बियाणं खराब होतं म्हटलं त एका माणसाचं नाव खराब होते. तुह्यं म्हटलं त..." त्यांनी हात सोडला. "रुपरावजवळ दहा एकर हाय. थो सोसून घेईन."

बोलून झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. या माणसाने एकदा हाटात दुकानदाराकडून चुकून जास्त आलेला गूळ परत द्यायला भर उन्हात दोन कोस फेरी मारली होती. खोट्याची बाजू घेतल्यावर ओठ कसे होतात हे त्यांच्या तोंडावर प्रेमिलाने आज पहिल्यांदा पाहिलं. आणि ते तिच्यासाठी होतं. तिला ओरडावंसं वाटलं, की नका बाबा, मला मारा, गावापुढे उभी करा, पण हे नका करू. ती म्हणाली, "चला, गाडी चुकेल."

स्टँडवर मौद्याकडची गाडी लागलेलीच होती. आणि तिच्या दाराशी, इतवारीतून घेतलेली नवी पितळी बादली पदराने पुसत यमुताई उभी होती. कधी काळी ठसठशीत असलेली बाई थोड्या दिवसांतच वाळून गेली होती. देवाजी तिला पाहून जागीच थबकले. तीच पुढे आली, त्यांना ओलांडून सरळ प्रेमिलासमोर.

"बरी भेटलीस वं प्रेमिला," ती म्हणाली. "मी तुह्याच कचेरीत येणार होती, पण पत्ता गवसला नाई. मले एक सांग. तू शिकली हायस, या खात्यात हायस. इकडचं तिकडचं मले नको. माह्या घरचं बियाणं खराब होतं का?"

गाडीच्या दारातली दोघं-तिघं गावची माणसं वळून बघू लागली. कंडक्टर पावत्यांचं पुस्तक उघडून उभा होता.

"थे धनी जेवून नाई राहिले बरोबर," यमुताई म्हणाली. "म्हणते, म्या कोठीतलं वरचं दिलं का तळचं दिलं, मलेच आठवत नाई. रात्रंदिवस हेच. तळचं ओलं झालं होतं का, म्हणते. मी म्हटलं, पोरीले इचारून येतो. तू सांगशीन थे खरं."

प्रेमिलाने बाबांकडे पाहिलं. ते गोणपाटाची गुंडाळी छातीशी धरून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत तिने आजवर कधी पाहिली नव्हती अशी विनवणी होती. बाप पोरीला विनवत होता. एक शब्द. तिला वाटलं आपण आता खरं बोलणार. तोंड उघडलंही. तिला ब्याण्णव हा आकडा दिसला, शाळेत जाणाऱ्या अकरा घरच्या पोरी दिसल्या, ताकाचं भांडं दिसलं, साहेबांचा चष्मा दिसला, आणि मग काहीच दिसेनासं झालं.

"हो काकू," ती म्हणाली. "मी तपासलं. तळचं बियाणं होतं ते. ओल लागलेलं."

गाडीतलं कोणीतरी "आयकलं?" म्हणालं.  यमुताई वाद घालेल, रडेल, शिव्या देईल असं प्रेमिलाला वाटलं. तसं झालं असतं तर किती बरं झालं असतं. तिने नुसता एक श्वास सोडला, अवघड दुखण्याचं नाव शेवटी कळलं की सोडतात तसा. "असंन," ती म्हणाली. "तू म्हणतेस त असंन." मग तिने बादली खाली ठेवली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि सगळ्या स्टँडसमोर देवाजींपुढे हात जोडले.

"आमच्या हातून झालं, देवाजी," ती म्हणाली. "माफ कराल."

सबंध आयुष्यात त्या घरच्या बाईने देवाजींपुढे हात जोडलेले नव्हते. गाडीतले लोक एकमेकांना कोपरानं ढोसत बघत होते.  ते हात खाली कसे करायला लावायचे हे बाबांना कळेना, आणि त्यांच्या स्वतःच्या दोन्ही हातांत ती गुंडाळी होती. कंडक्टरने घंटी वाजवली. यमुताईने बादली उचलली, चढली, खिडकीशी बसली आणि पदर आवरून शेजारची जागा मोकळी केली. "या," ती म्हणाली. "उभं काहून राहता?"

देवाजी चढले आणि तिच्या शेजारी बसले. गाडी हलली तरी त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही.